करमाड परिसरातील पाणलोट आणि गावसमित्या

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, जालन्याकडे निघाले की साधारण वीस किलोमीटरवर करमाड लागते. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचे हे स्टेशन आणि आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ. पश्चिमेला सुखना नदी चिकलठाण्याजवळून दक्षिणेकडे गोदावरीच्या दिशेने जाते, तर पूर्वेला दुधना जालन्याच्या बाजूने वाहत पूर्णेला मिळते. या दोन खोऱ्यांच्या दरम्यानचा हा पट्टा बेसाल्ट खडकाचा आहे. उंचवट्यांवर हलकी मुरमाड जमीन, ओढ्यांच्या काठाने काळी. वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा मोजक्या मोठ्या सरींत कोसळतो आणि उतारावरून माती घेऊन निघून जातो. खालचा खडक घट्ट असल्याने पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये. दिवाळीपर्यंत तुडुंब असलेली विहीर मार्चमध्ये तळ दाखवते, याचे कारण या थराच्या कमी जाडीत आहे. त्यामुळे या भागात निसर्गरक्षणाचे काम माती आणि पाणी अडवण्यापासून सुरू झाले. गवत, झाडे आणि पाखरे यांचा विचार त्यामागून आला.

निजामाच्या राजवटीत गावची सामाईक जमीन म्हणजे प्रामुख्याने गायरान. ते सरकारी कागदांत नोंदलेले असे आणि त्याच्या वापरावर पाटील व गावकीची नजर असे. गवत कधी कापायचे, जनावरे कधी सोडायची, पाणवठ्याची डागडुजी कोणी करायची, हे रूढीने ठरत असे. या व्यवस्थेला अलीकडे फार सोज्वळ रूप दिले जाते. प्रत्यक्षात ती जातीच्या उतरंडीवर उभी होती. विहिरीचा गाळ काढणाऱ्यांत ज्यांचा वाटा मोठा, त्यांनाच त्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. तो १९५९ पासून लागू झाला. गायरान, गावतळे आणि पाणवठा यांची जबाबदारी निवडून आलेल्या पंचायतीकडे येण्याचा कायदेशीर पाया त्याने घातला.

मातीचे काम मात्र पंचायतीकडे आले नाही. ते मृद्संधारण खात्याकडे राहिले. पन्नास-साठच्या दशकांत राज्यभर समतल बांध घालण्याची मोठी मोहीम चालली. बांध समपातळीत असायला हवा हे शास्त्र बरोबर होते, पण शेताच्या हद्दी समपातळीत नसतात. खात्याने घातलेला बांध एकाच्या वावरातून तिरपा जाऊन दुसऱ्याच्या वावरात शिरत असे. औत वळवायला अडचण, पाणी तुंबून पीक सडायचे आणि वर खर्चाचा काही भाग शेतकऱ्याच्या डोक्यावर. पुष्कळ ठिकाणी लोकांनी दोन-चार वर्षांत असे बांध नांगरून टाकले. ज्याच्या रानात काम होणार त्याला विचारल्याशिवाय ते टिकत नाही, हा या मोहिमेचा धडा होता. तो सरकारला उमगायला आणखी वीस वर्षे लागली.

मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्याच्या आठवणीत तो अजूनही कालमापनाचा खुंटा आहे. माणसाचे वय ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचा की नंतरचा’ असे सांगितले जाते. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव ही त्यांची मुख्य कामे. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिचा कायदा १९७९ मध्ये अंमलात आला. आज गावोगाव दिसणाऱ्या पाझर तलावांपैकी कितीतरी याच काळातले आहेत. त्यांतले पाणी शेतीला द्यायचे नसते. ते जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरते. या तलावांनी लाखो घरे जगवली. तरीही ते सुटे सुटे काम होते. जिथे मजूर जमले आणि जागा मिळाली तिथे तलाव झाला. वरचा डोंगर उघडाच राहिला, त्याची माती तलावात उतरली आणि अनेक तलाव गाळाने भरले.

डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंतचा सगळा उतार एकच क्षेत्र मानून काम करायचे, म्हणजे ‘माथा ते पायथा’, ही दृष्टी ऐंशीच्या दशकात रुजली. राज्य सरकारने १९८३ च्या सुमारास सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम सुरू केला. औरंगाबादला कांचनवाडी येथे १९८० मध्ये जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे ‘वाल्मी’, स्थापन झाली होती. अभियंते, कृषी अधिकारी आणि पुढे गावचे कार्यकर्ते तिथे प्रशिक्षणाला येऊ लागले. याच दशकात औरंगाबाद तालुक्यातल्या आडगावचे नाव राज्यभर झाले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था आणि तिचे विजयअण्णा बोराडे यांनी तिथे गावाला बरोबर घेऊन पाणलोटाचे काम केले. पैसा सरकारी योजनांचा होता. गावाशी बोलणे, बांध कुठून जाईल हे शेतकऱ्यासमोर आखणे आणि झालेल्या कामाची राखण हे संस्थेने व गावाने केले. बोराडे यांचा भर शेतातल्या शेतात पाणी मुरवण्यावर होता. मोठ्या धरणाच्या पाण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपल्या वावरात पडलेला थेंब आधी आपल्याच वावरात थांबवावा, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. आडगाव बघायला आलेल्या गावांनी हीच गोष्ट उचलली.

माथ्यावरचे काम कसे होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. सलग समतल चर खणण्यासाठी आधी समपातळी रेषा शोधावी लागते. त्यासाठी दोन काठ्या आणि आडवी पट्टी जोडून इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची चौकट करतात आणि वरून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडतात. ओळंबा आडव्या पट्टीवरच्या खुणेवर आला की दोन्ही पाय सारख्या उंचीवर आहेत असे समजायचे. एक पाय रोवून दुसरा फिरवत, प्रत्येक ठिकाणी चुन्याची खूण करत उतारावरून पुढे जायचे. चौकटीऐवजी पारदर्शक नळीत पाणी भरूनही पातळी काढता येते. खुणा जोडून रेषा झाली की साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल चर खणायचा आणि निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला रचायची. त्या भरावावर गवताचे बी, स्टायलो, हिवर, बोर किंवा सीताफळ लावतात. चौथीपर्यंत शाळा शिकलेल्या माणसालाही हे तंत्र दोन दिवसांत हातात बसते. पातळी काढण्याचे काम साहेबाच्या दुर्बिणीतून सुटून गावच्या हातात आले. गावसमित्या पुढे कामाचा जाब विचारू शकल्या त्या यामुळेच, कारण चर समपातळीत नाही हे आता कोणीही दाखवून देऊ शकत होते.

चराच्या खाली क्रमाने बांधबंदिस्ती, ओघळींना दगडी बांध, नाल्यावर माती बांध किंवा जाळीत दगड भरलेले गॅबियन बंधारे आणि शेवटी सिमेंट बंधारा येतो. क्रम उलटा केला, म्हणजे दिसायला भव्य सिमेंट बंधारा आधी बांधला, तर पहिल्या दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो.

समितीला खरा आकार १९९० नंतर आला. फादर हर्मन बाकर यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम महाराष्ट्रात सुरू झाला. जर्मनीचा निधी नाबार्डमार्फत येत असे. कार्यक्रमाची अट अशी की गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, मग मोठे काम मिळणार. ग्रामसभेने गाव पाणलोट समिती निवडायची. तीत वरच्या आणि खालच्या रानातले शेतकरी, महिला आणि भूमिहीन असावेत. समितीच्या नावाने बँकेत खाते उघडायचे आणि मजुरीचा सुमारे १६ टक्के भाग गावाने श्रमदानाने द्यायचा. भूमिहीन आणि एकल महिलांच्या कुटुंबांना यातून सूट. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळण्याचा ठराव करायचा. समितीच्या सदस्यांना मानधन नव्हते. तरी माणसे रात्री बैठकीला बसत, हजेरीपटावर सही करत, बंधाऱ्याची मापे तपासत. हातात चेकबुक आणि पाठीशी ग्रामसभेचा ठराव, एवढ्या दोन गोष्टींमुळे ही समिती कागदावरच्या इतर समित्यांपेक्षा वेगळी ठरली.

या कार्यक्रमाचे मराठवाड्यातले सर्वांत ठळक फळ म्हणजे जालना तालुक्यातले कडवंची. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी १९९६ ते २००२ या काळात तिथे काम केले. माथ्यावर चर, शेतांना बांध, नाल्यांवर बंधारे आणि नंतर शेततळी. ज्वारी-बाजरीचे हे गाव द्राक्षांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. लोकांना वीस-वीस वर्षे जोपासलेली झाडे तोडून सरपणाला द्यावी लागली. त्या वर्षीही कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. खरपुडीच्या केंद्रात दर महिन्याला भरणाऱ्या शेतकरी चर्चासत्रात हा अनुभव गावोगावच्या शेतकऱ्यांपर्यंत जात राहिला. एक गोष्ट इथे स्पष्ट नोंदवायला हवी. प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या शेततळ्यात विहिरीचे पाणी उपसून भरले, तर तो सर्वांच्या भूजलावर एकाने मारलेला हक्क असतो. पाणी अडवण्याचे नियम समित्यांनी केले, पण पाणी उपसण्याचे नियम फार थोड्या गावांनी केले. १९९३ चा पिण्याच्या पाण्यासाठीचा भूजल कायदा आणि नंतरचा २००९ चा भूजल अधिनियम ही पोकळी भरण्यासाठीच होते. गावपातळीवर त्यांची अंमलबजावणी क्षीण राहिली.

चराईबंदीची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. बागायतदाराची म्हैस गोठ्यात बांधून खाते. शेळ्या भूमिहीन बाईच्या असतात आणि मेंढ्या धनगराच्या. त्यांना गायरानाशिवाय दुसरा आसरा नाही. मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. इथल्या दलित भूमिहीनांनी गायरान जमिनी कसायला घेतल्या आणि त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या काळापासून सत्याग्रह केले, मारही खाल्ला. १९९१ च्या शासन निर्णयाने १९७८ ते १९९० या काळातली त्यांची अतिक्रमणे नियमित करण्याची तरतूद केली, पण सातबाऱ्यावर नाव लागायला अनेक कुटुंबांना पिढी घालवावी लागली. अशा जमिनीवर ‘वृक्षलागवडीसाठी’ बंदी घालणारी समिती पर्यावरणाचे नाव घेऊन जुना अन्यायच पुढे चालवते. चांगल्या समित्यांनी यातून वाट काढली. डोंगराचा एक भाग बंद ठेवून दुसरा खुला ठेवायचा, बंद भागातले गवत कापून न्यायला भूमिहीनांना पहिला हक्क द्यायचा आणि दोन-तीन वर्षांनी पाळी बदलायची. हे ज्या गावांत झाले तिथे कुऱ्हाडबंदीही टिकली.

१९९० नंतरच्या पंचवीस वर्षांत समित्यांची संख्या फार वाढली. १९९२ मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय झाला, त्याच वर्षी आदर्शगाव योजना आली. केंद्राच्या १९९५, २००३ आणि २००८ च्या पाणलोट मार्गदर्शक सूचना आल्या. प्रत्येक योजनेने आपली वेगळी समिती मागितली आणि एका गावात तीच पाच-सहा नावे चार समित्यांवर दिसू लागली. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले आणि श्रमदानाची जागा जेसीबी-पोकलेनने घेतली. नाला खोल आणि रुंद करण्याचे काम चार दिवसांत दिसते, माथ्यावरच्या चराचे फळ दिसायला चार वर्षे लागतात. औरंगाबादचेच अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी या पद्धतीविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. ‘वाल्मी’तून निवृत्त झालेले प्रदीप पुरंदरे यांनीही नदी-नाल्यांच्या अशास्त्रीय खोलीकरणावर सातत्याने लिहिले. ओढ्याचा तळ खडकापर्यंत कोरला तर शेजारच्या विहिरींचे पाणी त्यात झिरपते, वाळू गेल्याने पाणी मुरण्याची गाळणी जाते आणि वर काही न केल्याने खाली गाळ येतच राहतो. हे आक्षेप रास्त होते. अभियानाच्या पाच वर्षांत शासनाने दिलेला पैसा मोठा होता आणि गावाच्या समितीला ते कुठे लावायचे हे ठरवण्याची मोकळीक छोटी.

करमाडच्या बाबतीत याच काळात आणखी मोठा बदल घडत होता. शेंद्रा औद्योगिक वसाहत विसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आली. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतल्या शेंद्रा-बिडकीन प्रकल्पासाठी करमाड, लाडगाव, कुंभेफळ, शेंद्रा या गावांच्या जमिनी संपादित झाल्या आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ‘ऑरिक’ औद्योगिक शहराचे लोकार्पण झाले. समृद्धी महामार्गही याच टापूतून गेला. शेतीचे गाव हळूहळू शहराचे उपनगर होऊ लागले. भाड्याच्या खोल्या, गोदामे, हॉटेले, प्लॉटिंग. ज्या उतारावर चर खणायचे तो उतार आता बिनशेती होतो, आणि ज्या ओढ्यावर बंधारा बांधायचा त्याची हद्द लेआउटच्या नकाशात पुसट होते. पाणलोट समितीची सगळी रचना शेतकरी गृहीत धरून केली होती. उपनगरी गावाला तिच्या पलीकडचे काही हवे होते.

उपनगरी गावांच्या अशा समितीचे जगात एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९५७ मध्ये गावांना संवर्धन आयोग नेमण्याची मुभा देणारा कायदा केला. या कल्पनेला इप्सविच गावातून चालना मिळाली. दुसऱ्या महायुद्धानंतर बोस्टनभोवतीची शेते आणि पाणथळ जागा घरांखाली जात होत्या. आयोगाचे सदस्य गावातलेच आणि बिनपगारी. सुरुवातीला त्यांचे काम मोकळ्या जमिनींची यादी करणे आणि सल्ला देणे एवढेच होते. १९७२ च्या पाणथळ संरक्षण कायद्याने मात्र पाणथळीजवळच्या बांधकामाला अटी घालण्याचा किंवा ते नाकारण्याचा अधिकार त्यांना मिळाला. सल्लागार समितीला दात फुटायला तिथेही पंधरा वर्षे गेली.

भारतात याच्या जवळपास येणारी रचना म्हणजे जैवविविधता व्यवस्थापन समिती. जैवविविधता अधिनियम २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने ती स्थापन करायची आहे, मग ती ग्रामपंचायत असो वा महापालिका. २००४ च्या केंद्रीय नियमांनी तिची सुरुवातीची रचना ठरवली. एक अध्यक्ष, जास्तीत जास्त सहा सदस्य, त्यांत किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे. वैदू, शेतकरी, मासेमार, वनोपज गोळा करणारे, शिक्षक अशा जाणत्यांना तीत घ्यावे अशी अपेक्षा होती. महाराष्ट्राचे नियम २००८ मध्ये आले आणि राज्य जैवविविधता मंडळ २०१२ मध्ये नागपूरला सुरू झाले. समितीचे पहिले काम लोक जैवविविधता नोंदवही करणे. नव्वदच्या दशकात माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या गावांबरोबर अशा नोंदवह्या करून पाहिल्या होत्या.

नोंदवहीत काय यावे हे मराठवाड्याच्या माळावर सहज कळते. पवन्या, शेडा, कुसळी ही गवते आणि जनावर त्यांतले कोणते आवडीने खाते. हिवर, बाभूळ, बोर, कडुलिंब, तरवड आणि कोणाच्या बांधावर जुनी झाडे उरलीत. मालदांडी, दगडी अशा ज्वारीच्या जाती आणि त्यांचे बी अजून कोणाच्या कणगीत आहे. देवणी आणि लाल कंधारी गुरे. कोणत्या विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते, ओढा पूर्वी कुठून वाहत होता. यांतले निम्मे ज्ञान बायकांकडे आणि गुराख्यांकडे आहे. म्हणूनच कायद्याने महिलांची संख्या ठरवून दिली ती योग्यच. चंद्रभाल सिंह यांच्या २०१६ च्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने नोंदवह्या पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर दंडाची तंबी दिली, तेव्हा देशभर नोंदवह्या घाईघाईने तयार झाल्या. पुष्कळ ठिकाणी एकाच संस्थेने अनेक गावांच्या वह्या भरल्या आणि शेजारच्या दोन गावांच्या याद्या शब्दशः सारख्या निघाल्या. अशी वही समितीच्या काही कामाची नाही.

खरी वही मात्र उपनगरी गावात फार उपयोगी पडते. जैविक संसाधने व्यापारासाठी नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा आणि स्थानिक जैवविविधता निधी ठेवण्याचा अधिकार कायद्याने समितीला दिला आहे. बांधकामाला अटी घालण्याचा अधिकार दिलेला नाही. पण गायरानातला पाणवठा, ओढ्याचे मूळ पात्र आणि पक्ष्यांची जागा वहीत तारखेनिशी नोंदलेली असेल, तर बिनशेतीच्या प्रस्तावावर हरकत घेताना किंवा लवादासमोर जाताना ग्रामसभेच्या हातात पुरावा असतो. औद्योगिक क्षेत्राच्या हद्दीत नियोजनाचा अधिकार विशेष नियोजन प्राधिकरणाकडे जातो आणि ग्रामपंचायतीचा आवाज तिथे कमी पडतो. त्यामुळे हद्दीलगतच्या गावांना हा पुरावा अधिक लागतो.

शहराच्या बाजूने याला जोड देणारे काम २०२१ पासून खाम नदीवर झाले. महापालिका, छावणी परिषद, ‘इकोसत्त्व’ ही संस्था आणि ‘व्हेरॉक’ कंपनी यांनी मिळून कचरा आणि सांडपाण्याने भरलेले पात्र साफ करायला घेतले. काठावर झाडे लावली गेली आणि शहरातले नागरिक स्वयंसेवक म्हणून उतरले. चिकलठाण्याच्या वसाहतीशेजारून वाहणाऱ्या सुखनेची गरज तितकीच मोठी आहे. खाम आणि सुखना या दोन्ही नद्या अखेर गोदावरीलाच मिळतात.